पर्स : पस्तीस ग्रॅम जास्त

आदरणीय दादा यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे आठातलं एक अंग वजा धरावं, नमस्कारातसुद्धा मी खोटा आकडा लिहीत नाही). आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमची तब्येत कशी आहे? डाव्या कानाने अजून ऐकू येतं, की तोही उजव्याच्या मागे गेला? वहिनींची पाठ कशी आहे? गॅरेजच्या पत्र्याला भोक पडलं होतं ते बुजवलंत की अजून खाली बादलीच आहे? खरं म्हणजे या सगळ्याची उत्तरं मला ठाऊक आहेत, कारण तुमची बहीण दर बुधवारी वहिनींशी फोनवर बोलते, आणि मी वर्तमानपत्र वाचतोय असं दाखवत बसलो की मुद्दाम मोठ्याने बोलते. पण पत्रात आधी विचारपूस करावी आणि मग मुद्द्यावर यावं असा माझा शिरस्ता आहे, आणि शिरस्ता मोडायचं वय आता गेलं.

(एक खुलासा आधीच करतो. या पत्रात चिमीला जिथे जिथे ‘तुमची बहीण’ असं लिहिलं असेल तिथे दोष तुमच्या घराण्याकडे धरावा. जिथे ‘माझी बायको’ असं असेल तिथे श्रेय माझ्याकडे.)

फोन न करता पत्र लिहितोय त्याची कारणं दोन. एक तर तीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून तुमचे कान असे झालेत की फोनवर तुम्हाला फक्त तुमचंच बोलणं ऐकू येतं. मागच्या वेळी मी चांगला चार मिनिटं बोललो आणि शेवटी तुम्ही विचारलंत, कोण बोलतंय? दुसरं कारण असं, की समोरासमोर बसलो की मला जिंकावंसं वाटतं. कागदावर तेवढं वाटत नाही.

तर आता त्या रविवारची गोष्ट. अकरा महिने झाले तिला. तुम्हाला कदाचित तपशील आठवत नसतील, म्हणून लिहितो. माझ्याकडे नोंद आहे. सकाळचे दहा चाळीस. तुम्ही नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या खुर्चीवर, नेहमीप्रमाणे खाली वर्तमानपत्र पसरून बसला होता (तुमच्या पॅंटीला ग्रीस असो नसो, वर्तमानपत्राशिवाय तुम्ही कुणाच्या घरात बसत नाही हे मी पंचवीस वर्षं बघतोय, एकदा तर धुतलेल्या पॅंटीत आलात तरी मागितलंत). मी नवीन आणलेली बाटली तुमच्यासमोर ठेवली. पेट्रोलमध्ये मिसळायची, इंजिन आतून साफ ठेवणारी, पेट्रोलचा फवारा सोडणारे इंजेक्टर नव्यासारखे करणारी. तुम्ही ती उजेडात धरलीत, हलवलीत, बूच काढून वास घेतलात आणि म्हणालात, की भाऊजी, हे गाडीला पाजण्यापेक्षा बाटली गाडीसमोर ठेवून रोज दोन मिनिटं हात जोडून उभे राहा, तेवढाच गुण येईल. तुमची बहीण हसली. मीही हसलो असतो. पण मग तुम्ही नीट समजावून सांगायला लागलात: चांगल्या पेट्रोलमध्ये साफ ठेवणारं औषध मुळातच घातलेलं असतं, वरून घातलेल्या बाटलीने थोडंफार होतही असेल, पण एकदा इंजेक्टरच्या तोंडाशी कीट धरलं की ते काढून, यंत्रावर लावून, धुऊनच निघतं. मी म्हणालो, मी याबद्दल तीन पुस्तकं वाचली आहेत. त्यावर तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि अगदी मायेने म्हणालात, “भाऊजी, तुम्ही काट्याचे मिस्त्री. इंजिन काही तराजूत घालता येत नाही.”

दादा, तुम्ही ते मायेनेच म्हणालात हे मला आज कळतं. त्या दिवशी नाही कळलं. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचं सगळं मी माझ्या हाताने मिळवलं. पहिला वजनकाटा उघडला तेव्हा तो पुन्हा बंद करायला मला नऊ दिवस लागले होते, आणि बंद झाल्यावर एक स्प्रिंग उरली होती, पण दहाव्या दिवशी ती कुठली हेही मीच शोधून काढलं. आज सोनाराच्या काट्यापासून ट्रक उभा करायच्या काट्यापर्यंत कुठलाही काटा माझ्या हाताखालून गेला की खोटं बोलत नाही. अशा माणसाला मोजता येत नाही असं काही जगात आहे, हे त्याच्याच घरात, त्याच्याच चहाबरोबर सांगायचं म्हणजे फार झालं. मी ताडकन उठून (तेव्हा गुडघा बरा होता) जाहीर केलं, की मी बारा महिने प्रयोग करीन, रीतसर, वही घालून. निकाल लागेपर्यंत या घरात इंजिनाबद्दल एक अवाक्षर काढायचं नाही, कुणीही.

हा ठराव करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, ती म्हणजे तुम्हाला दुसरं काही बोलताच येत नाही. पुढच्या रविवारी तुम्ही आलात. माझ्या नोंदीप्रमाणे बावीस मिनिटं बसलात. पहिली सहा मिनिटं तुम्ही कॅलेंडर बघत होता. मग म्हणालात, ढग आलेत. मी म्हणालो, हो. मग तुम्ही माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत (तेव्हा नुकताच दुखायला लागला होता, बहुधा त्या ताडकन उठण्यानेच), मी कुठे दुखतं ते सांगितलं, आणि तुमच्या तोंडून निघून गेलं, वंगण कमी झालं असेल. लगेच तुम्ही जीभ चावलीत, माझ्याकडे चोरून पाहिलंत, उरलेला चहा एका घोटात संपवलात आणि काम आहे म्हणून निघालात. त्यानंतर तुम्ही आला नाहीत. मी म्हटलं, राग आला असेल तर येऊ दे. माझी बायको मात्र दर रविवारी त्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरत राहिली. मी एकदा म्हणालो, अजून वाचून व्हायचंय ते. तिने पुढच्या रविवारपासून कालचं पसरायला सुरुवात केली.

प्रयोगाबद्दल आता सांगायलाच हवं, कारण तो जसा झाला तसा कुणी केला नसेल. दोनशे पानांची वही घेतली. बाटलीतला द्रव मापाने नाही, सोनाराच्या काट्यावर वजनाने मोजून घालत होतो. रोज सकाळी चारी चाकांची हवा. रस्ता एकच: घर, पाण्याच्या टाकीचा चढ, पूल, माझं दुकान, आणि तोच परत. वेगसुद्धा ठरलेला, त्यामुळे मागून भोंगे वाजवणारे बरेच लोक मला आता नावाने नाही तरी शिव्यांनी ओळखतात. गाडीतला भार सारखा राहावा म्हणून, शनिवारी दोघं मिळून निघायचो तेव्हा, मी तुमच्या बहिणीला आधी काट्यावर उभं करत असे. पहिल्या शनिवारी ती उभी राहिली. दुसऱ्या शनिवारी म्हणाली, लग्नाआधी केलं असतंत तर मीच नकार दिला असता. तिसऱ्या शनिवारपासून तिने फक्त पर्स काट्यावर ठेवू दिली, आणि स्वतःचं वजन तोंडी सांगू लागली, जे अकरा महिन्यांत एका ग्रॅमनेही बदललेलं नाही (मी तसंच लिहिलं आहे, संसारात एक आकडा तरी स्थिर असावा). आणि प्रयोगात कुणी हात घालू नये म्हणून, काट्याच्या स्क्रूवर देतो तसा, इंजेक्टरच्या पट्टीच्या तिन्ही बोल्टांवर मी लाल रंगाचा ठिपका दिला. ठिपका मोडल्याशिवाय बोल्ट फिरत नाही. हे आमच्या धंद्यातलं सील.

सगळ्यात महत्त्वाचं होतं पेट्रोल नेमकं मोजणं. पंपावरची नळी टाकी भरली की टक् करून आपोआप थांबते, पण ती कुठे थांबेल याचा भरवसा मला नव्हता. कधी अर्धा लिटर आधी, कधी नंतर. म्हणून मी टाकी अगदी गळ्यापर्यंत भरून घेत असे. नळी थांबली की पुन्हा थोडं, पुन्हा थांबली की गाडी हलवायची, म्हणजे आतले बुडबुडे वर येतात, मग पुन्हा थोडं, तोंडाशी पेट्रोल चकाकेपर्यंत. पंपावरच्या बाई मला थेंबवाले काका म्हणतात हे मला माहीत आहे. एकदा त्यांनी सांगून पाहिलं, की काका, नळी थांबली की थांबायचं असतं. मी त्यांना अचूकतेबद्दल दहा मिनिटं समजावून सांगितलं. मागे अकरा गाड्या होत्या.

आणि दादा, गुण आला! पहिले तीन महिने गाडी लिटरला तेरा-आठ, तेरा-नऊच्या पुढे जात नव्हती. जरा धक्केही देत होती. मग मी तीन दिवस बाहेरगावी गेलो, एका साखरेच्या गोदामातले सहा काटे लावायला (त्यांनी त्यांचीच गाडी पाठवली होती), आणि परत आल्यावर पान तेविसावर आकडा एकदम पंधरा-दोन. पुढच्या टाकीला पंधरा-तीन. धक्के गेले. आवाज मऊ. मी वहीत लिहिलं, ‘तिसऱ्या बाटलीपासून गुण स्पष्ट’, आणि खाली दोन रेघा मारल्या. वही उघडी धरून मी तुमच्या बहिणीला दाखवली. तिने ती बघितलीच नाही, माझ्याकडे बघून विचारलं, मग झालं ना सिद्ध? मी म्हणालो, छे, प्रयोग बारा महिन्यांचा आहे, चौथ्या महिन्यात निकाल लावणं म्हणजे काटा हलत असताना वजन वाचणं. ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत राहिली. मला वाटलं, माझ्या काटेकोरपणाने भारावली आहे.

असे आठ महिने गेले. मागच्या पंधरवड्यापासून गाडीने नवंच खूळ घेतलं. पेट्रोल भरलं की ती सुरूच होईना. झाली तर थरथरायची, पेट्रोलचा वास यायचा, आणि चौकात थांबलो की बंद पडायची. मागच्या शनिवारी माझी बायको शेजारी बसलेली असताना भर चौकात बंद पडली. सिग्नल तीनदा हिरवा झाला. मागचा माणूस उतरून आला, आमच्याकडे पाहून गाडी ढकलू लागला, आणि तुमची बहीण काच खाली करून त्याला म्हणाली, माझा दादा मिस्त्री आहे. का म्हणाली कोण जाणे. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

तुमच्याकडे यायचं तर निकालाला एक महिना बाकी होता. म्हणून मी गाडी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका अनोळखी गॅरेजमध्ये नेली. तिथे एक चष्मेवाले मिस्त्री होते, वयाने माझ्याएवढेच, बोलणं कमी. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चार पानं वाचली आणि वही परत करून हात पुसले (साधारणपणे लोक आधी हात पुसतात). मी म्हणालो, इंजेक्टर बघा, बाटल्यांचा परिणाम झाला की नाही ते मला लेखी हवं आहे. त्यांनी चारही इंजेक्टर काढले आणि यंत्रावर लावले. तुम्हाला सांगायला नको, पण मी पहिल्यांदाच पाहिलं: खाली चार काचेच्या नळ्या, वर चार इंजेक्टर, आणि बटण दाबलं की चारींतून धुक्यासारखा फवारा. चारही नळ्या एका रेषेत भरत गेल्या, केसाचा फरक नाही. मी काटे लावणारा माणूस, सारखेपणा बघितला की माझे डोळे भरून येतात. मी म्हणालो, बघा, बाटली! त्यावर चष्मेवाल्यांनी एक इंजेक्टर उचलून माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, ही रबरी रिंग नवी आहे. आतली जाळीही नवी. हे कुणीतरी काढून धुतलंय, वर्षभराच्या आत. आणि ज्याने धुतलंय त्याचा हात चांगला आहे.

मग गाडी बंद का पडते, असं मी विचारलं, विषय बदलायला म्हणून. त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि एक काळा डबा दाखवला. टाकीतल्या पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून या डब्यात कोळसा भरलेला असतो, तो वाफ पिऊन धरून ठेवतो. त्याने वाफ प्यायची असते. मी अकरा महिने टाकी गळ्यापर्यंत भरून, वर गाडी हलवून, त्याला पेट्रोलच पाजत होतो. डबा पार भिजून कामातून गेला होता. म्हणजे बाटलीने गाडी बिघडली नाही, कंपनीने बिघडवली नाही, रस्त्याने नाही. मोजण्याने बिघडली. चष्मेवाले म्हणाले, नळी टक् करून थांबते ती उगाच नाही थांबत. पंपावरच्या बाईंचं वाक्य, शब्द इकडचे तिकडे.

घरी येऊन वही उघडली. मी बाहेरगावी होतो त्या तीन दिवसांचं पान काढलं. मंगळवार: ‘गाडी ६.४ किमी चालली. चालक: बायको. कारण: भाजी.’ भाजीवाला आमच्या फाटकापासून चाळीस पावलांवर बसतो, दादा. तुमच्या गॅरेजपर्यंतचं जाणं-येणं बरोबर सहा-चार आहे. मी ते कधीतरी मोजलं होतं. पुढे शनिवारची नोंद: ‘पर्स : पस्तीस ग्रॅम जास्त. कारण: अज्ञात.’ त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी पर्सच्या आकड्यात ते पस्तीस ग्रॅम होते. माझ्या हाताने, माझ्या अक्षरात, आठ महिने. आणि मी एकदाही विचारलं नाही, की बाई गं, आत काय आहे? वजन कळलं की वस्तू कळली, असं मला वाटत आलंय.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि त्या नोंदीवर बोट ठेवून उभा राहिलो. माझ्या बायकोने हात पुसले, पर्स आणली आणि बामची एक जुनी डबी काढून ओट्यावर ठेवली. आत आठ काळ्या रबरी रिंगा, चार बारीक जाळ्या आणि तुमच्या हातची चिठ्ठी, ‘जुने भाग. गिऱ्हाईक: भाऊजी.’ तुमच्या गॅरेजचा नियम मला माहीत आहे: बदललेला भाग, मग तो स्क्रू का असेना, गिऱ्हाइकाला परत द्यायचा, म्हणजे त्याला खात्री पटते की खरंच बदललाय. पण ज्याला कळूच द्यायचं नाही त्या गिऱ्हाइकालाही त्याचे भाग परत देणारा मिस्त्री या पृथ्वीवर एकच असेल. घरात कुठे ठेवले तर माझ्या नजरेला पडतील, फेकले तर तुमचा नियम मोडेल, म्हणून ती ते आठ महिने बरोबर घेऊन हिंडत होती. मी एवढंच विचारलं, की दादांनी का केलं असं? ती म्हणाली, “तुम्ही जिंकावं असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं. तुम्ही जिंकलात की तो येणार होता ना.”

मी डबीचं वजन केलं. पस्तीस ग्रॅम बरोबर. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी तुमच्या गल्लीत आलो होतो. हे तुम्हाला माहीत नाही. समोरच्या शिंप्याच्या पायरीजवळ उभा राहिलो, काय बोलायचं ते मनात जुळवत. तुम्ही दारातच एका गिऱ्हाइकाची गाडी उघडून बसला होता. बादली अजून तिथेच आहे. त्या गिऱ्हाइकाच्या हातात तीच बाटली होती, आणि तो विचारत होता की घालू की नको, उपयोग होतो का. मी कान टवकारले, म्हटलं आता हात जोडायचा विनोद येणार आणि तो माणूस हसणार. तुम्ही बाटली उजेडात धरलीत, हलवलीत, वासही घेतलात. आणि मग कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा आवाजात, जो शिंप्यालाही ऐकू गेला, म्हणालात, “आमचे भाऊजी वर्षभर मोजतायत. त्यांचा निकाल लागेपर्यंत मी काही बोलणार नाही.”

तेवढ्यात तुम्ही मान वळवलीत आणि मी एका टेम्पोमागे लपलो. पन्नाशीचा माणूस, टेम्पोमागे. शिंपी सगळं बघत होता. त्याने टेप गळ्यात टाकून मला विचारलं, माप द्यायचंय का? मी नको म्हटलं आणि घरी आलो.

तर दादा, निकाल एक महिना आधी लावतो आहे. वहीच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर आजच्या तारखेला, शाईने, हे लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे: ‘बाटलीने इंजेक्टर साफ राहतात की नाही, हे या प्रयोगाने सिद्ध होत नाही. इंजेक्टर मिस्त्रींनी साफ केले होते. बाटलीने काही अपाय झाल्याचंही दिसलं नाही. गाडी प्रयोगकर्त्याने बिघडवली.’ याहून खरं वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही, आणि याहून जड हाताने तर नाहीच. तुमच्या त्या गिऱ्हाइकाला तुम्ही आता काय सांगायचं ते सांगा. हात जोडायचा विनोदही सांगा. चांगला आहे तो.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या पाठीला शेक द्या. उत्तर पाठवलंत तर आनंद होईल. नाही पाठवलंत तर बुधवारी फोनवर कळेलच.

आपला,
भाऊजी

ता.क. १ : चष्मेवाले मिस्त्री तो कोळशाचा डबा लगेच बदलून देत होते. मी नको म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. मी त्यांना म्हणालो, माझ्या बायकोचा दादा मिस्त्री आहे. (वाक्य माझं नाही. पण बोलायला बरं वाटलं.) गाडी फाटकात उभी आहे, टाकी मुद्दाम अर्धीच ठेवली आहे. रविवारी येऊन बदलून द्या. जुना डबा मला परत द्यायचा, नियमाप्रमाणे.

ता.क. २ : इंजिनाबद्दल न बोलण्याचा ठराव या पत्राने रद्द. नुसता रद्द नाही. आल्यापासून जाईपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही असा नवा ठराव करावा असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. गुडघ्याच्या वंगणाबद्दलही मला सविस्तर ऐकायचं आहे. चहा दहा चाळीसला. खुर्चीवर वर्तमानपत्र आजचंच पसरू, माझं वाचून झालं नसलं तरी.

ता.क. ३ : हे लिहू की नको असं करत पाकीट दोनदा उघडलं. मी वर असं भासवलं आहे की चष्मेवाल्यांनी सांगेपर्यंत मला काही माहीत नव्हतं. हा या पत्रातला एकमेव खोटा आकडा. बाहेरगावाहून आलो त्याच संध्याकाळी मी बॉनेट उघडलं होतं. तिन्ही बोल्टांवर ठिपके होते, अगदी जागच्या जागी, माझ्यापेक्षाही गोल. पण माझा लाल गडद आहे, दादा, आणि ते ठिपके गुलाबीकडे झुकणारे होते. तसा रंग मी घरात फक्त एका ठिकाणी पाहिला आहे, आणि ती दहा बोटं मला चांगली ओळखीची आहेत. मी बराच वेळ ते ठिपके बघत उभा राहिलो. वाटलं, घरी येत नाहीत, पण निदान गाडीला तरी भेटून गेले. मग बॉनेट लावलं आणि वहीत काही लिहिलं नाही. एवढी एकच नोंद मी केलेली नाही. लिहिली असती तर त्याच दिवशी प्रयोग संपला असता, आणि मला तुमच्याकडे यावं लागलं असतं. तेवढं बळ यायला आठ महिने लागले.

गाडीत घालायची बाटली आता मी आणणार नाही. पण ती नेलपॉलिशची बाटली तुमच्या गॅरेजमध्येच राहिली असणार. आपली चिमी आठ महिने सांगते आहे की हरवली, आणि मीही आठ महिने तिच्याबरोबर शोधतो आहे, पलंगाखालीसुद्धा. येताना तेवढी घेऊन या.